डायनोसॉरच्या साच्यातला साबण

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज हात धुताना उगीचच शाळेचं हॉस्टेल आठवलं. लांबलचक सिमेंटचं बेसिन, ओळीने नळ, आणि शेवटच्या नळापाशी टाचणी आणि मी. प्रत्येकीला महिन्याला साबणाची एक वडी मिळायची. माझी नेहमी आधी संपायची, कारण मी फेस करत बसायचे. मग टाचणी आपली वडी दोऱ्याने मधोमध कापायची. सुरीने कापली की तिचे तुकडे पडतात, दोऱ्याने पडत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात, दुसरं माझ्या हातात. वडी कापून झाली की प्रार्थनेची घंटा होईपर्यंत दोघी काही न बोलता हात धुवायचो. एवढंच. त्यात काही विशेष नव्हतं, तरी तेवढंच आठवतं.

ती काडीसारखी म्हणून टाचणी, मी गोल म्हणून डबी. टाचणी डबीतच शोभते, असं सगळा वर्ग म्हणायचा. आता ती चांगली भरली आहे आणि मी होते तशीच आहे. (ह्यांचं मत वेगळं आहे, पण ह्यांना चष्म्याशिवाय वजनकाटा दिसत नाही.) तिचे मिस्टर गेल्यावर आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर तिला फ्लॅट मी शोधून दिला. मी. दर शुक्रवारी चार वाजता ती खाली येते आणि आमच्या बाल्कनीत आम्ही दोघी विणतो.

हे सगळं आज आठवण्याचं कारण असं की लिफ्टमध्ये टाचणीला वेगळाच वास येत होता. लिंबाचा आणि कुठल्याशा पानांचा. विचारलं तर म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई घरी साबण करतात, मी मदतीला गेले होते.

तिसऱ्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी एक रिटायर्ड डेंटिस्ट राहायला आली आहे. हसते तेव्हा सगळेच्या सगळे दात दाखवते, बहुधा धंद्याची सवय. ज्याला त्याला 'डिअर' म्हणते. माझं तिच्याविषयी काहीही म्हणणं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टाचणीनेच बोलावलं म्हणून वर जाऊन आले. स्वयंपाकघर कसलं, दवाखानाच. वजनकाटा, थर्मामीटर, रबरी ग्लोव्ह्ज, चष्मे. ही बाई साबणाचे साचेसुद्धा विकत आणत नाही. दातांचं माप घ्यायला जो मऊ लगदा वापरतात त्यात शिंपला दाबते, बटण दाबते, नक्षीचा चमचा दाबते, आणि लगदा घट्ट झाला की झाला साचा. त्यात साबण ओतायचा. बघायला बरं होतं. फार काही नाही.

फळीवर कागद पसरून साबण वाळत ठेवले होते. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकावर आमच्या शाळेचं चिन्ह. उघडं पुस्तक आणि वर दिवा. पुस्तकाच्या पानांवरच्या रेघासुद्धा उठल्या होत्या.

टाचणीने तिला आपला प्रीफेक्टचा बिल्ला दिला होता.

तो बिल्ला टाचणीच्या छातीवर वर्षभर होता. त्या वर्षात मी तो एकदाच हातात घेतला, तोही पॉलिश करायला. आणि ही बाई, जिला आमच्या शाळेचं फाटकसुद्धा माहीत नाही, तिने तो दातांच्या लगद्यात दाबला.

वर ती टाचणीला 'टाचणी' म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की हे फक्त शाळेतलं नाव आहे. तर सगळे दात दाखवून म्हणाली, "मग आता मी पण तुमच्याच शाळेत आले असं समजा, डिअर." टाचणी हसली. मीही हसले. मला हसणं जमतं.

बेत असा आहे. चौदा डिसेंबरला आमच्या बॅचचा मेळावा आहे, शाळेच्याच हॉलमध्ये. येणाऱ्या प्रत्येक मुलीला (मुली म्हणजे सगळ्या आजीच) आठवण म्हणून हा साबण द्यायचा. आत्ता केलेले साबण तोपर्यंत तयार होतील. मी तिथल्या तिथे सांगितलं की मेळाव्याचा साबण मी करणार. आपल्या शाळेची वस्तू आपल्यातल्याच कुणीतरी केलेली बरी. टाचणी म्हणाली, करू या की तिघी मिळून. तिघी!

निघताना डेंटिस्टीण दारापर्यंत आली आणि सांगू लागली की सगळं वजनावर मोजा, वाटीने नको. आणि साबण चार-सहा आठवडे मुरू द्या, नाहीतर तो चावतो. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून झाल्यावर माणसाला जिकडेतिकडे चावणारच दिसणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

विणकाम. टाचणी तिच्या नातवाच्या स्वेटरची बाही करते आहे. मी मोजत नव्हते, पण 'डॉक्टरीणबाई' हा शब्द सात वेळा आला. मला मत्सर वगैरे वाटत नाही. शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की मत्सर करणारी मुलगी आपलंच रक्त आटवते. माझं हिमोग्लोबिन उत्तम आहे.

ठरलं. यापुढे या वहीत त्या बाईचा उल्लेख नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कुणी केली असेल त्याच्या बिल्डिंगमध्ये नक्कीच एखादी डेंटिस्ट राहत असणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

पहिला साबण.

मला कुणाच्या शिकवणीची गरज नाही. गृहशास्त्राच्या तासाला सिस्टरनी आम्हाला साबण करून दाखवला होता. कप मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. पांढरा, निळ्या काठाचा. एक कप कॉस्टिक सोडा, की अर्धा? कप तरी नक्की. तेल किती ते आठवलं नाही, पण हाताला अंदाज असतो. इतकी वर्षं संसार केला आहे.

साचे म्हणून माझी पुडिंगची भांडी काढली. अॅल्युमिनिअमची, कडेला सुंदर चुण्या असलेली, मावशीने लग्नात दिलेली. वर नेऊन ठेवली असती तर त्या लगद्याचे साचे लाजले असते.

मिश्रण ओतलं. आधी बारीक 'सूं' झालं. मग फेस. मग काळा फेस. मग भांडी आपोआप ओट्यावर सरकायला लागली. वास असा आला की ह्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पेपर घेतला आणि जिन्यात जाऊन बसले. वासाने तिसऱ्या मजल्यावरची खाली आली. मी दार अर्धंच उघडलं. तिने फक्त वास घेतला आणि म्हणाली की कॉस्टिकला अॅल्युमिनिअम चालत नाही, डिअर, ते धातू खातं.

म्हणजे हे तिला आधीपासून माहीत होतं. आणि मला सांगितलं नाही. मी साच्यांबद्दल विचारलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

मावशीच्या भांड्यांना तळाशी चाळणीसारखी भोकं पडली आहेत. ती मी ठेवणार. शेवयांना उपयोगी पडतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर

उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतलं होतं. ते आत घट्ट झालं. प्लंबर आला. पाइपमधून दंडाएवढी कांडी काढली आणि हे काय आहे म्हणाला. मी म्हटलं, प्रयोग. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी त्याच्याकडे. मग दोघांनी दोनदा चहा घेतला. पुरुषांना एकमेकांचं सांत्वन करायला निमित्त लागत नाही.

शाळेच्या चिन्हाचा साचा मला करता आला असता. बिल्ला मागायचा अवकाश. पण मी मागणार नाही. मी रबरी साचे ऑनलाइन मागवले आहेत. गुलाबाच्या फुलांचे. चिन्ह काय, कुठलीही शाळा काढते. गुलाबाला अभिजातपणा आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पार्सल आलं. साचे डायनोसॉरचे आहेत. एकेका तुकड्यात सहा डायनोसॉर, असे चार तुकडे. मी फुलावर बोट ठेवलं होतं हे मला पक्कं आठवतं. ह्यांनी फोन हातात घेऊन दाखवलं की फूल वर होतं आणि माझं बोट खाली. परत पाठवले तर दुसरे यायला किती दिवस लागतील देव जाणे. वरच्या मजल्यावर चिन्हं वाळत पडली आहेत. मला वेळ नाही.

शांत बसून विचार केला तर डायनोसॉर अगदी वाईट नाही. तोही प्राचीन, आम्हीही माजी विद्यार्थिनी. विनोदबुद्धी म्हणून ही गोष्ट वरच्या मजल्यावर कधीच सुचली नसती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुसरा साबण. यश.

निळ्या काठाचा नाही, पण पांढरा कप सापडला. खोबरेल, थोडं ऑलिव्ह, डब्याच्या तळाशी राहिलेलं थोडं कुठलं तरी. गेल्या वेळी कांडी पाइपमध्ये तरी घट्ट झाली होती, पण बशीत सांडलेलं तसंच मऊ राहिलं होतं. म्हणून या वेळी कॉस्टिक दोन चमचे जास्त घातलं. साबणात दम हवा. गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्याही घातल्या, म्हणजे गुलाब अगदीच वाया गेला असं नको.

मिश्रण दाट झालं तेव्हा मला सिस्टरची आठवण येऊन भरून आलं. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, आज चहा मिळणार आहे की तोही मुरवायचा आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

साच्यातून काढताना पहिल्या सहांच्या शेपट्या आतच राहिल्या. मग साचे फ्रीझरमध्ये ठेवले. गार झाल्यावर बाकीचे नीट निघाले. ह्यांच्या सरबताला आज फेस आला. ते म्हणतात शेपट्या बर्फाच्या ट्रेमध्ये सापडल्या. शक्य आहे. छोट्या गोष्टीवर इतकं बोलायचं नसतं.

रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आहे. पाकळ्या काळ्या पडल्या आहेत, दुरून मुंग्या वाटतात. पण घट्ट आहे. खणखणीत. टेबलावर आपटून पाहिला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

टाचणीला शेपटीवाले बारा दिले. डब्यात, रिबीन बांधून. वरच्या मजल्यावरचे अजून फळीवर झोपा काढत आहेत आणि माझे चार दिवसांत तयार.

तिने डबा उघडला, एकेक डायनोसॉर हातात घेऊन बघितला आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, पण हे चार-सहा आठवडे ठेवायचे असतात ना? मी सांगितलं की ज्यांना आत्मविश्वास नसतो ते ठेवतात. आणि तिच्याकडून वचन घेतलं की आजपासून बाकी सगळे साबण बंद, फक्त हाच. तिने डब्याला रिबीन परत बांधली. मग हो म्हणाली. सिस्टर सांगायच्या की दिलेली भेट वापरणं हाच खरा थँक यू. टाचणी अजूनही प्रीफेक्टच आहे. वचन दिलं की दिलं.

मी स्वतः अजून वापरलेला नाही. आधी पाहुणे, मग घरचे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जिन्यात टाचणी भेटली. साबण कसा आहे म्हणून विचारलं. म्हणाली, दम आहे साबणात. हाताला जाणवतो.

हाताला जाणवतो! ह्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, हं. आज मी वरच्या मजल्यावरचीला लिफ्टमध्ये स्वतःहून गुड मॉर्निंग म्हटलं. विजेत्याने मन मोठं ठेवावं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

टाचणी आली, पण विणलं नाही. आज कंटाळा आला म्हणाली. हॉस्टेलमध्ये ताप असताना मोज्याची टाच पूर्ण करणारी ही बाई. चहाचा कप पदरात धरून प्यायली. गरम आहे म्हणे. कप मीच हातात दिला होता, गरम नव्हता. बाकी सगळा वेळ हात शालीत.

काहीतरी लपवते आहे. अंगठी? ब्रेसलेट? वरून मिळालेलं काहीतरी असणार, जे मला दाखवायची तिला लाज वाटते. वाटायलाच हवी.

मंगळवार, २ डिसेंबर

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कालही, आजही. मी मुद्दाम ऐकत नाही, लिफ्टचा आवाजच मोठा आहे. माझ्याकडे येताना टाचणी जिन्याने येते. वर जायला मात्र लिफ्ट बोलावते. माणूस कुणासाठी थाट करतो ते अशा गोष्टींतून कळतं. (ह्यांचं म्हणणं, उतरायला गुडघे चालतात, चढायला नाही. ह्यांना माणसांतलं काही कळत नाही.)

संध्याकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन दोन जिने वर गेले. कचरा खाली टाकतात हे मला माहीत आहे. तिच्या दाराबाहेर औषधासारखा वास येत होता. म्हणजे आता औषधी साबणही सुरू झालेले दिसतात. टाचणीच्या मदतीने, अर्थात.

आणखी छत्तीस डायनोसॉर केले. या वेळी अजून थोडा दम घातला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

टाचणी आली नाही. फोन केला, थंडी आहे गं, आज राहू दे म्हणाली. चार वाजता बाल्कनीत मी एकटीच. लोकरीचा गुंडा करायला ह्यांचे हात पुढे करून घेतले. पाच मिनिटांत ते तसेच हात पुढे करून झोपले, दरोडेखोराने पिस्तूल दाखवल्यासारखे.

तिची विणकामाची पिशवी नेहमी माझ्याकडेच असते. बाही अर्धवट, सुया आतच. म्हणजे वर जाऊन ती विणत नाही. किंवा मग वर दुसरी बाही सुरू केली आहे.

पिशवीत हात घातला तर तिच्या लोकरीला तिचा जुना वास होता. लिंबाचा नाही, पानांचा नाही. बराच वेळ ती मांडीवर ठेवून बसले. मग ह्यांचे हात खाली केले.

मंगळवार, ९ डिसेंबर

टाचणी फाटकाशी दिसली. हातात पांढरे सुती हातमोजे. कुणी दिले विचारलं तर खरं बोलली, तिला खोटं येत नाही. डॉक्टरीणबाईंनी.

दोन वर्षांपूर्वी मी तिला स्वतःच्या हाताने विणून हातमोजे दिले होते. ते तिने एकदाही घातले नाहीत. त्यांना अंगठा नव्हता हे खरं, पण भावना होती.

ह्यांना म्हटलं, बघा, आता पोशाखसुद्धा तिच्या पसंतीचा. हे म्हणाले, विचार ना एकदा तिला काय झालंय ते. मी म्हटलं, मला काय झालंय ते ती विचारते का?

शनिवार, १३ डिसेंबर

सगळी तयारी झाली. अठ्ठेचाळीस डायनोसॉर, प्रत्येकाला गुलाबी टिश्यू पेपर. दोन मिनिटांचं भाषणही लिहिलं आहे. शेवट असा आहे की काळ जातो, पण ठसा राहतो. त्यावर टाळ्या पडतील.

टाचणी संध्याकाळी खाली आली होती. म्हणाली, साबण उद्या वाटायलाच हवेत का, नंतर कधीतरी दे. मी म्हटलं, का? ती हातमोज्यांच्या कडा ओढत राहिली. मी काय ते समजले. उद्या आधी चिन्हाचे वाटायचे आहेत. मी जेवणाच्या आधीच वाटणार.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी. केस छान बसले आहेत.

त्याच दिवशी, दुपारनंतर

जसं झालं तसं लिहिते.

हॉल तसाच आहे. तोच पियानो, तीच उंच खिडकी. तीसेक जणी आल्या होत्या. जिराफ आली होती, अजूनही सगळ्यांपेक्षा हातभर उंच. मी आल्या आल्या वाटायला सुरुवात केली. टाचणी मागे मागे आली, अगं जेवण होऊ दे, जेवण होऊ दे म्हणत. मी ऐकलं नाही. डायनोसॉर बघून मुली खूप हसल्या. मला वाटलं, आजचा दिवस माझा.

मग शाळेचं गाणं म्हणायचं ठरलं. ते नेहमी टाचणीच वाजवते. सगळ्याजणी पियानोशी गोळा झाल्या आणि टाचणी म्हणाली, आज जिराफ वाजवेल. जिराफ तर हात धुवायला गेली होती. मुलींनी आग्रह केला. टाचणी नुसती मान हलवत राहिली, हात मांडीवर, हातमोजे घातलेले.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "वाजवेल कशी? तिसऱ्या मजल्यावरचे हातमोजे आहेत ते. शाळेच्या गाण्यासाठी कसे उतरवायचे?"

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग एकेक बोट सुटं करत दोन्ही हातमोजे काढले आणि पियानोवर ठेवले.

हात लाल होते. बोटांच्या पेरांवर चिरा, तळव्याची साल गेलेली, वरून मलम चकाकत होतं. औषधाचा तोच वास.

मी विचारलं, हे काय. खरं तर तोपर्यंत मला कळलं होतं.

"तू दिलेले होते ना गं," ती म्हणाली. "तीन संपवले. चौथ्याला डॉक्टरीणबाईंनी हात लावू दिला नाही. त्याच लावतात मलम, सकाळ-संध्याकाळ."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगणारच होते. पण त्या दिवशी जिन्यात तू इतकी खूश दिसलीस."

तेवढ्यात जिराफ बाथरूममधून हात झटकत आली आणि म्हणाली की हा डायनोसॉर चावतो.

मग मी वाटलेले सगळे साबण परत गोळा केले. कुणाच्या पर्समधून, कुणाच्या ओटीतून. दोघीजणी देत नव्हत्या, नातवंडांसाठी हवे म्हणत होत्या. त्यांच्या मुठी उघडून घेतले. टाचणीच्या गाडीच्या डिकीत चिन्हाच्या साबणांचा खोका होता, वर चादर टाकलेली. तो ती आणणारच नव्हती. मीच किल्ली मागितली, मीच आणला, मीच वाटले. सुंदर होते. फुलांसारखा फेस येतो म्हणाल्या सगळ्या.

गाणं पियानोशिवाय म्हटलं. बेसूर झालं. भाषण केलं नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

तिसऱ्या मजल्यावर गेले. लिफ्टने. एक डायनोसॉर सोबत नेला. तिने त्यावर पाणी टाकून कागदाची पट्टी लावली. पट्टी जांभळी झाली, म्हणजे कॉस्टिक फार जास्त. कपाने मोजलंत का विचारलं. मी म्हटलं, हो. कुठल्या कपाने? पांढऱ्या. यावर ती हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं की मला आधी का सांगितलं नाही. म्हणाली, टाचणीने शपथ घातली होती. "आणि मलाही वाटायचं हो, इतकं कुणी माझ्यासाठी सोसलं नसतं." मग तिने पुन्हा सगळे दात दाखवले, पण उशिराने.

तिलाही हेवा वाटतो. हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं ते बरं झालं की वाईट, अजून ठरवलेलं नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

घरात या साबणाचा तुकडाही राहता कामा नये. कुणाला काय द्यायचं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ नको.

शेपटीचे सगळे डायनोसॉर: बिल्डिंगच्या सफाईवाल्याला, फरशीसाठी. ग्लोव्ह्ज घालूनच वापरायचे, हे तोंडी सांगायचं आणि ग्लोव्ह्जची जोडीही बरोबर द्यायची.

बिनशेपटीचे सहा: प्लंबरला. पाइपांसाठी. तो हसला तर हसू द्यायचं.

एक डायनोसॉर: ह्यांना, त्यांच्याच आग्रहावरून. कपाटाचा अडकणारा खण त्यावर घासला तर आता लोण्यासारखा सरकतो म्हणतात. आमच्या घरी माझा साबण चालला तो एवढा एकच.

चिन्हाच्या उरलेल्या वड्या: मेळाव्याला न आलेल्या मुलींना, पोस्टाने. सोबत डॉक्टरीणबाईंचं नाव स्पष्ट लिहायचं. माझं लिहायचं नाही. लिहिलंच तर 'पॅकिंग' म्हणून.

रबरी साचे, चारही: तिसऱ्या मजल्यावर. ती म्हणते, वजन करून ओतलं तर डायनोसॉरही छान होतात. बघू या.

बाही: टाचणीच्या नातवाची, उरलेली अर्धी मी पूर्ण करायची. टाके घट्ट येतात माझे, तिच्यासारखे सैल घालायचे.

टाचणीचे हात: सकाळचं मलम तिसऱ्या मजल्याकडे, संध्याकाळचं माझ्याकडे. सकाळचं मी मागून पाहिलं. टाचणी म्हणाली, सकाळी जास्त चुरचुरतात गं, सकाळी त्याच बऱ्या, त्यांचा हात हलका आहे. ठीक आहे. रविवारचं काही ठरलेलं नाही. रविवारी दोन्ही वेळा माझ्या. वर अजून सांगितलेलं नाही.